तीन मिलिमीटर आणि गावडे सर

भानुदास गावडे सर आमच्या शाळेत रुजू झाले त्या दिवशी मी त्यांना कुणाचे तरी पालक समजले. जून महिना होता. शिक्षकखोलीत नव्या वेळापत्रकावरून दरवर्षीची भांडणं चालू होती आणि दारात एक उंच, सावळे गृहस्थ नायलॉनची पिशवी घेऊन उभे होते. मी मान वर न करता म्हटलं, "दाखले खाली ऑफिसात मिळतात."

"व्हय, तिथूनच आलो," ते म्हणाले. "त्यांनी सांगितलं, देशमुख मॅडमला भेटा, त्या तुम्हाला तास देतील."

मी तेव्हा पर्यवेक्षिका होते आणि गणिताची सर्वांत जुनी शिक्षिका. त्यांना मी कुणी मागत नसलेले तास दिले: जेवणाच्या सुट्टीनंतरचे आणि शनिवारचे शेवटचे. त्यांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "कॉम्प्युटरच्या खोलीत गणित शिकवलेलं चालेल का?" मी म्हटलं, गणिताला फळा लागतो. ते हसून म्हणाले, "फळा लागतोच की. पन फळ्यावरचा बिंदू हालत नाय, मॅडम."

आज त्यांच्या साठीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे. संपादक मंडळाने मला कळवलं आहे की लेख हृद्य असावा आणि वादाचे प्रसंग टाळावेत. हृद्य लिहिण्याचा प्रयत्न करते. वाद टाळता येणार नाही, कारण त्या वादात चूक माझी होती, आणि ती सांगितल्याशिवाय गावडे सर सांगताच येत नाहीत. सर्वगुणसंपन्न, मितभाषी, विद्यार्थिप्रिय वगैरे विशेषणं इतर लेखांत येतीलच. ती सगळी खरी आहेत. पण अशी विशेषणं निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला लावली जातात, हेही खरं आहे.

मी पैठणकडच्या शेतीवाडी असलेल्या घरातली. वडिलांनी हट्टाने शहरात, कॉन्व्हेंटमध्ये घातलं. आम्हाला भूमिती शिकवणाऱ्या सिस्टर वर्गात आल्या की आधी सगळ्यांच्या पेन्सिलींची टोकं बघत. टोक बोथट असेल तर बोटांवर पट्टी. रेघ केसासारखी बारीक हवी, खोडरबराचा डाग नको, कंपासाचं भोक दिसता कामा नये. ही शिस्त मी पुढे तीस वर्षं मुलांच्या बोटांत भरली आणि तिचा मला अभिमान होता. त्यामुळे पडद्यावर उंदीर फिरवून वर्तुळ काढणं म्हणजे मला पोरखेळ वाटायचा. त्यात ते भूमितीचं सॉफ्टवेअर फुकटचं. सरांनी ते सुट्टीतल्या एका प्रशिक्षणात पाहिलेलं होतं आणि शहागंजातल्या एका इंटरनेटच्या दुकानात बसून पेनड्राइव्हवर उतरवून आणलं होतं. फुकट मिळतं ते हलकंच असणार, असं मी शिक्षकखोलीत चारचौघांत बोलले होते. सर तिथेच चहा पीत होते. त्यांनी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि तासाला गेले.

फुलंब्रीहून ते रोज यायचे. घर मेंढपाळांचं; वडील आणि थोरले भाऊ तेव्हाही मेंढ्या घेऊन हिंडत, हे त्यांनीच एकदा सहज सांगितलं होतं. सकाळच्या पहिल्या गाडीने येऊन ते संगणकांची खोली उघडत, धूळ पुसत आणि मशीन एकेक करून सुरू करत. बारा मशीन होती. त्यांतली आठ-नऊ चालत आणि त्यांतली दोन मधेच झोपी जात. दुपारी भारनियमन असायचं. त्या खोलीतला पंख्यांचा आणि मशिनांचा एकत्र घुमणारा आवाज आज मला कुठे ऐकू आला तरी चालता चालता पाय थांबतात. तेव्हा मात्र त्या आवाजाने माझं डोकं उठायचं, कारण माझा वर्ग भिंतीपलीकडे होता.

मी खिडकीतून बघायचे. बघायचे म्हणजे चूक सापडते का ते शोधायचे. सरांच्या तासाला एक नियम होता: आधी बोट, मग माऊस. पडद्यावर वर्तुळ, त्यावर एक बिंदू, त्या बिंदूतून एका जीवेच्या दोन टोकांना जोडलेल्या रेषा, आणि कोपऱ्यात त्या कोनाचं माप. सर विचारायचे, "हा बिंदू इथून तिथं नेला तर कोन वाढंल, कमी होईल का तसाच राहील? बोलायचं नाय. हवेत बोट धरा." वाढेल म्हणणाऱ्यांनी बोट वर करायचं, कमी होईल म्हणणाऱ्यांनी खाली, तसाच राहील म्हणणाऱ्यांनी आडवं. सगळ्यांची बोटं दिसल्यावरच एका मुलाने बिंदू ओढायचा. बिंदू वर्तुळावरून सरकत जायचा आणि कोपऱ्यातला आकडा जागचा हलायचा नाही. चाळीस मुलं माना पुढे काढून बघायची. मग मागून कुणीतरी म्हणायचं, "सर, मशीन अडकलं." सर म्हणायचे, "तूच ये आन् सोडव." तो मुलगा यायचा, ओढायचा, पुन्हा ओढायचा. ज्यांची बोटं चुकलेली असत ती मुलं स्वतःच कारण शोधायला लागत.

वीज गेली की सर तोच धडा कागदावर चालू ठेवत. एकाच आकृतीत तोच बिंदू पाच ठिकाणी काढायचा, पाचही त्रिकोण फिक्या रेघेने, एकावर एक. त्या कागदांचा नुसता गोंधळ दिसायचा. मी एकदा असा कागद उचलून विचारलं, "हे काय आहे?" मुलगी म्हणाली, "लाइट गेली ना मॅडम, म्हणून हातानं हलवलं." मला ते उद्धट वाटलं होतं.

त्याच काळात माझ्या आईचं मोठं आजारपण निघालं आणि मला तीन आठवडे रजा घ्यावी लागली. माझे दहावीचे तास सरांकडे गेले. परत आले तेव्हा मी धरून चालले होते की माझी मुलं आता माऊस मागणार. वह्या तपासल्या. प्रत्येक आकृती पट्टी-कंपासाने काढलेली, रेघा बारीक, पायऱ्या माझ्याच पद्धतीने क्रमाने लिहिलेल्या. मी सरांना विचारलं, "खोलीत नेलं नाहीत यांना?"

"नाय. वर्ग तुमचा हाय. तुम्ही आल्यावर पोरांची दोन्हीकडून वढाताण नको."

मी आभार मानले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात मुख्याध्यापकांना त्यांच्याविरुद्ध पत्र लिहिलं. पत्र दीड पानाचं होतं. दहावीच्या तोंडावर मुलांचा वेळ खेळात जातो, बोर्डाच्या परीक्षेत माऊस मिळत नाही, हाताचं वळण बिघडतं, सबब संगणक कक्षातले गणिताचे तास बंद करून ती खोली टायपिंगच्या वर्गाला द्यावी. भाषा चांगली होती. कॉन्व्हेंटने दिलेली धार मी त्यात पुरेपूर वापरली होती. संस्थेच्या मंडळींना हवंच होतं. टायपिंगच्या वर्गाची मागणी आधीपासून होती. जानेवारीतल्या एका शनिवारी बैठक ठरली. त्या खोलीत सरांनी सहा वर्षांत जे उभं केलं होतं ते त्या बैठकीत संपणार होतं, आणि ते संपणार माझ्या पत्रावर.

बैठकीच्या आधीच दहावीची पूर्वपरीक्षा झाली. भूमितीचा पेपर नेहमीप्रमाणे मी काढला होता. शाळेची रीत अशी की एका तुकडीच्या उत्तरपत्रिका दुसऱ्या शिक्षकाने तपासायच्या आणि मग त्या वर्गशिक्षकाकडे नजरेखालून घालायला जायच्या. सरांच्या तुकडीच्या मी तपासल्या होत्या. शुक्रवारी शाळा सुटल्यावर सर माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, जरा खोलीत येता का? माझ्याच्यानं एक आकृती जुळना."

मला वाटलं, उद्याच्या बैठकीबद्दल गळ घालायला नेत आहेत. मी चेहरा तयार ठेवून गेले. पडद्यावर माझ्याच पेपरातला रचनेचा प्रश्न होता. पाया सहा सेंटिमीटर, समोरचा कोन साठ अंश, वरच्या टोकापासून पायापर्यंतची उंची साडेपाच सेंटिमीटर, त्रिकोण काढा. गणिताशी संबंध सुटलेल्या वाचकांसाठी सांगते. पाया काढायचा. जिथून पायाची दोन टोकं बरोबर साठ अंशात दिसतात अशा सगळ्या जागा एका कंसावर असतात, तो कंस काढायचा. मग पायाला समांतर, साडेपाच सेंटिमीटर उंचीवर एक रेषा. ती रेषा कंसाला जिथे छेदते तिथे त्रिकोणाचं टोक.

सरांनी माऊस माझ्याकडे सरकवला. "तुम्हीच न्या टोक वर."

मी आयुष्यात पहिल्यांदा तो बिंदू ओढला. तो कंसावरून चढत गेला, कोपऱ्यातली उंची चार, साडेचार, पाच झाली, मग पाच पूर्णांक दोनच्याही किंचित खाली येऊन थांबली आणि पुन्हा उतरायला लागली. समांतर रेषा वर तशीच होती. मधे रिकामी जागा. मी दोन-तीन वेळा नेला, आणला.

"तुमचं सॉफ्टवेअर चुकतंय."

"आसंल," सर म्हणाले. त्यांनी कोरा कागद, पट्टी, कंपास आणि पेन्सिल पुढे ठेवली. पेन्सिलीचं टोक त्यांनी आधीच करून ठेवलं होतं.

मी काढला. सिस्टरनी पाहिला असता तरी शाबासकी दिली असती इतका नेटका काढला. कंसाचा माथा आणि रेषा यांच्यात तीन मिलिमीटर उरले. असा त्रिकोण जगात नव्हता. आदल्या वर्षी तोच प्रश्न मी दिला होता, उंची साडेचार. मुलांनी जुने पेपर पाठ करून येऊ नये म्हणून दरवर्षी आकडे बदलायचे, हा आम्हा पेपर काढणाऱ्यांचा शिरस्ता. आकडा बदलल्यावर आकृती काढून बघायची, हे कित्येक वर्षांच्या सवयीत कधी गळून गेलं ते कळलंही नव्हतं. नमुना उत्तरातही मी फक्त पायऱ्या लिहिल्या होत्या.

"पण मुलांनी काढलाय," मी म्हटलं. "मी पैकीच्या पैकी मार्क दिलेत."

"काढलाय ना. कुणी कंस फुगवलाय, कुणी रेषा खाली घेतलीय, कुणी जाड पेन्सिल फिरवलीय. माझ्या तुकडीतल्या पोरांनीबी तेच केलंय, मॅडम. सहा वर्षं मी हेच सांगतोय की आधी हलवून बघा, आन् पेपरात आलं की गप काढून मोकळे. मला लई लाज वाटली." मग त्यांनी एक उत्तरपत्रिका उघडली. "हिनं नाय काढला."

त्या मुलीने टोक पाच ठिकाणी काढलं होतं, पाच फिके त्रिकोण, प्रत्येकाची उंची मोजून बाजूला लिहिलेली. खाली एक ओळ: 'टोक कुठेही नेलं तरी उंची एवढी होत नाही, म्हणून हा त्रिकोण काढता येत नाही.' त्यावर माझ्या लाल शाईत शून्य होतं आणि शेरा होता: 'आकृती अपूर्ण. कारणे नकोत.'

स्वतःचं अक्षर वाचायला मला तेव्हा जितका वेळ लागला तितका कधी लागला नाही.

मी विचारलं, "उद्या बैठकीत हे दाखवणार?"

"नाय. पेपर तुमचा हाय." सर मशीन बंद करायला लागले. "पोरीचे मार्क तेवढे द्या. ती दोन दिवस झाले मला इचारतीय, सर, माझं काय चुकलं. मी काय सांगू तिला?"

मी म्हटलं, "तुमची खोली उद्या जाते आहे, गावडे सर."

"ठावं हाय मला." आणि ते एकेक मशीन बंद करत राहिले.

शनिवारी बैठकीत माझं पत्र मोठ्याने वाचलं गेलं. वाक्यं खरोखर चांगली होती, म्हणून आणखी नकोशी वाटली. मंडळींनी माना डोलावल्या. मुख्याध्यापकांनी सरांना विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?" सर म्हणाले, "मॅडमनी मुलांच्या काळजीनं लिहिलंय." एवढंच. समोरचा माणूस एका वाक्यात मला उताणं पाडू शकत होता, आणि तो माझीच बाजू सावरत होता. मला संताप आला. त्यांचा आला, माझा आला, त्या डोलणाऱ्या मानांचा तर फारच आला.

मी उभी राहिले. फळ्यावर प्रश्न लिहिला आणि म्हटलं, "हा पेपर मी काढला. हा त्रिकोण निघत नाही. मला ते कळलं नाही, मुलांनी खोटे त्रिकोण काढले आणि मी त्यांना खरे मार्क दिले. एकीने खरं लिहिलं, तिला शून्य दिलं. ती जिथे शिकली ती खोली माझ्या वर्गाच्या भिंतीपलीकडे आहे. माझं पत्र मी परत घेते."

मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "मॅडम, हे कार्यवृत्तात घ्यायचं का?"

"मी सांगितलं तसंच घ्या. शब्द सौम्य करू नका."

एक सदस्य म्हणाले, एवढ्या तीन मिलिमीटरचं काय मनावर घेता. त्यांना मी काय उत्तर दिलं ते इथे देत नाही. संपादक मंडळाची एवढी तरी विनंती पाळते. खोली राहिली. आठवड्याला गणिताचे दोन तास वाढले, त्यांतला एक माझा.

सोमवारी मी दहावीच्या सगळ्या तुकड्यांत जाऊन चूक सांगितली आणि त्या मुलीचे मार्क भर वर्गात दुरुस्त केले. मग बाकीच्यांना विचारलं, तुम्हाला रेषा कंसाला लागत नाही हे दिसलं नाही का? शेवटी माझ्याच तुकडीतली, सगळ्यांत बारीक रेघ काढणारी मुलगी म्हणाली, "दिसत होतं मॅडम. पन पेपरात तुम्ही दिलं होतं ना." तीस वर्षांच्या नोकरीत मला मिळालेला हा सर्वांत खरा शेरा. तो त्या मुलीने नकळत दिला आणि गावडे सरांमुळे तो मला ऐकायला मिळाला.

त्यानंतरची माझी शेवटची दोन वर्षं नोकरीतली सर्वांत सुखाची गेली. जगभरचे शिक्षक आपण तयार केलेल्या हलत्या आकृत्या त्या सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावर कुणीही घ्याव्यात म्हणून ठेवतात. बहुतेक सूचना इंग्रजीत. सरांचं इंग्रजी बेतास बात आणि माझं मिरवण्याइतकं. शाळा सुटल्यावर आम्ही दोघं बसायचो. ते आकृती उघडायचे, मी सूचना मराठीत सांगायचे, ते टंकायचे. माझं मराठी त्यांना फार पुस्तकी वाटे. "मॅडम, 'बिंदूचे स्थानांतरण करा' नको. 'बिंदू ओढा' लिहू. पोरगं काय करणार हाय? ओढणारच ना." अशा वाक्यावाक्यांवरून आम्ही भांडलो, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघाले. प्रत्येक पानाच्या खाली मूळ आकृती करणाऱ्या शिक्षकाचं नाव आणि गाव ते न चुकता लिहीत. माझंही लिहीत. मी नको म्हटलं तर म्हणाले, "चूक निघाली तर लोकांनी कुणाला इचारायचं?" बाहेर ऊन उतरलेलं असे, मैदानावर खो-खोच्या मुलींचा गलका असे, आणि फुलंब्रीची गाडी चुकेल म्हणून ते घड्याळाकडे बघत आणखी एक आकृती उघडत. मी निवृत्त झाले त्या दिवशी निरोपसमारंभाआधी आम्ही अर्धवट राहिलेलं एक पान पूर्ण केलं.

सरही दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आता शाळेच्या प्रत्येक वर्गात मोठा पडदा आहे आणि त्यावर तयार चित्रफिती चालतात. मी पाहून आले. सुंदर आवाजातल्या बाई सगळं समजावून सांगतात, मुलं हाताची घडी घालून ऐकतात, आणि त्या पडद्यावरचा एकही बिंदू कुणाला ओढता येत नाही. संगणक कक्षात जुनी बाकं ठेवली आहेत. सरांचा गौरव करणाऱ्या संस्थेला हे मी याच ग्रंथात सांगते आहे, कारण सर स्वतः सांगणार नाहीत. शाल-श्रीफळ जरूर द्या. पण ती बाकं दुसरीकडे हलवा, आणि ते सॉफ्टवेअर आजही फुकट आहे हे लक्षात घ्या.

सर घरी बसलेले नाहीत. आता ते सगळं फोनवरही चालतं. ते नवी पानं तयार करतात, जुनी सुधारतात, आणि आठवड्यातून दोनदा जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. गेल्या महिन्यात त्यांचा सकाळीच फोन आला. आवाज इतका खुशीत होता की मला वाटलं घरात कार्य ठरलं.

"मॅडम, माझ्या पानात चूक निघाली."

पैठण तालुक्यातल्या एका वस्तीशाळेतल्या बाईंनी कळवलं होतं. चौकोनाच्या एका आकृतीत टोक फार डावीकडे नेलं की आकृती स्वतःलाच छेदते आणि खाली लिहिलेला नियम खोटा ठरतो. सरांनी त्याच दिवशी दुरुस्ती केली होती, पानाच्या माथ्यावर जुनी चूक काय होती ते लिहिलं होतं आणि ती काढणाऱ्या बाईंचं नाव त्यांच्या गावासह घातलं होतं.

मी म्हटलं, "चूक निघाली तर एवढं खूश व्हायला काय झालं?"

"कुणीतरी लांब बसून हलवून बघितलं की, मॅडम."

गावडे सर, तुमच्या चुका काढणारी अशी माणसं तुम्हाला गावोगावी भेटोत. त्या दुरुस्त करायला तुमचे डोळे, तुमचा हात आणि तुमचा तो शांत स्वभाव शंभरी ओलांडेपर्यंत शाबूत राहोत. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी आहे तोवर चुका शोधणाऱ्यांत माझं नाव असेलच.